टीआर लायसन रिन्यू करताना या चुका टाळा

हेवी गाडीवाले ड्रायव्हर आणि त्यांचे मालक, दोघांनाही तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलंय म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भलतीच तारीख बघणं. लायसनच्या कार्डावर मुदत संपायच्या दोन तारखा असतात, एनटी म्हणजे घरच्या गाडीची आणि टीआर म्हणजे धंद्याच्या गाडीची. एनटीची बहुतेक वेळा लांबची असते, टीआर फक्त 5 वर्षं. पोरं लांबची बघतात आणि निवांत राहतात. आमच्याकडचा एक ड्रायव्हर, हात एकदम साफ, कांदा भरून निघाला आणि घाटात पुढच्या ट्रकला मागून धडकला. माणूस वाचला पण केबिन पार चेपली. इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने कार्ड घेतलं आणि सरळ टीआरच्या तारखेवर बोट ठेवलं, ती नुकतीच उलटलेली. मालक आपला एनटीची तारीख दाखवतोय. क्लेम गेला. मग धावपळ करून रिन्यू केलं, पण मुदत संपल्यावर अर्ज केला की नवी मुदत रिन्यू झालेल्या दिवसापासून धरतात, मधले दिवस काही भरून निघत नाहीत, आणि अपघात नेमका त्याच दिवसांतला. केबिनचा सगळा खर्च मालकाने खिशातून केला, ड्रायव्हरचं काम सुटलं.

यावर कोणीतरी सुप्रीम कोर्टाचा 2024 चा निकाल दाखवतोच. तो 7,500 किलोच्या आतल्या गाड्यांचा आहे, एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर पिकअप चालवणाऱ्यांना टीआर वेगळं लागत नाही असं सांगणारा. दहा टायरच्या ट्रकला त्याचा उपयोग नाही.

"मुदत संपल्यावर 30 दिवस चालतं ना?" नाही चालत. ती सूट 2019 च्या कायदादुरुस्तीत गेली. उलट मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, मग शेवटच्या आठवड्याची वाट कशाला बघायची? संपून वर्ष उलटलं तर परत ट्रायल द्यावी लागते.

केमिकलचा टँकर चालवत असाल तर त्या लायसनची मुदत 3 वर्षं, 5 नाही.

मेडिकल, म्हणजे फॉर्म 1ए, डॉक्टरचा दाखला. न तपासता सही करून देणारा डॉक्टर शोधत फिरणाऱ्यांची मला खरंच चीड येते. रात्री समोरच्या लाइटने डोळे दिपतात असं स्वतःच सांगतात आणि वर कागद तेवढा मॅनेज करा म्हणतात. मी आधी चष्म्याचा नंबर काढून आणायला लावतो, मगच पुढचं.

जुनं पुस्तकवालं लायसन असेल तर ते सारथीवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, दिसतंय का ते आधी बघा, दिसत नसेल तर पहिली खेप आरटीओत त्याच्यासाठीच.

एजंटकडून फॉर्म भरून घ्या, हरकत नाही, पण मोबाईल नंबर तुमचाच टाका, नाहीतर ओटीपी त्याच्याकडे जाणार आणि तुम्ही त्याच्या मागे फिरणार. पत्ता बदलला असेल तर तोही आत्ताच बदलून घ्या, कार्ड पोस्टाने येतं, जुन्या पत्त्यावर गेलं की परत फिरतं.

आणि मालकांनो, नवा ड्रायव्हर ठेवताना कार्डाचा नुसता फोटो घेऊन थांबू नका, टीआरची तारीख गाडीच्या इन्शुरन्सच्या तारखेशेजारीच लिहून ठेवा.