आधी ओहोटी बघा, मग डबा भरा

घर मिळालं, बँकेत खातं उघडलं, तुरीची डाळ कुठल्या दुकानात मिळते ते कळलं, की साधारण तिसऱ्या आठवड्यात मला फोन येतो. "ताई, शनिवार-रविवारी जायचं कुठं?" विचारणारी कधी रुग्णालयात नर्स म्हणून आलेली सांगलीची मुलगी असते, कधी मास्टर्सला आलेला मुलगा. निम्म्यांनी तर लंडनची तिकिटं आधीच काढलेली असतात. अहो, लंडन कुठं पळून जात नाही. तुम्ही वेल्समध्ये, स्वॉन्झीत राहायला आलाय. एस.टी.त बसल्यासारखं बसमध्ये बसलात तर तासाभरात असा समुद्र दिसेल की गुहागरची असूनही मी पहिल्यांदा गप्प झाले होते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या देशाला इंग्लंड म्हणू नका. मी पहिल्या महिन्यात शेजारच्या आजींना "इंग्लंड फार आवडलं" म्हणाले होते. त्या हसल्या, पण चहा जरा लवकर संपवला. रत्नागिरीच्या माणसाला "म्हणजे तुम्ही मुंबईचेच" म्हटल्यावर त्याचं तोंड कसं होतं, तेवढं आठवा म्हणजे झालं.

आता समुद्र. आमच्या घरी भरती-ओहोटीला घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला. आजोबा याच हिशेबावर होडी बाहेर काढायचे. मीही तो हिशेब इथं घेऊन आले आणि पहिल्याच वर्षी तोंडघशी पडले.

गॉवर नावाचं द्वीपकल्प स्वॉन्झीला लागूनच आहे. ब्रिटनमधल्या ज्या प्रदेशांना निसर्गसौंदर्यासाठी सरकारी संरक्षण मिळालं, त्यांत गॉवरचा नंबर पहिला, १९५६ साली. त्याच्या पश्चिम टोकाला रोसिली गाव, खाली पाच किलोमीटरची पुळण, आणि डावीकडे समुद्रात घुसलेली वर्म्स हेड ही खडकाची लांबलचक शेपटी. वर्म म्हणजे इथं किडा नव्हे. जुन्या भाषेत सर्प, ड्रॅगन. धुक्यातून बघितलात तर नाव कसं पडलं ते विचारावं लागत नाही. या सर्पाच्या पाठीवर चढायचं तर मधला खडकाळ पट्टा ओलांडावा लागतो, आणि तो ओहोटीच्या आधी अडीच तास ते नंतर अडीच तास एवढाच उघडा असतो.

अष्टमी होती. मी नवऱ्याला मोठ्या रुबाबात सांगितलं, बाराला पूर्ण ओहोटी, साडेअकराला पोचू. पोहे, थर्मास, पोरीचे गमबूट असा सगळा सरंजाम घेऊन टोकाला गेलो, तर पट्टा गायब! हिरवंकाळं पाणी दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध एकमेकांवर आपटत होतं. टेहळणीच्या चौकीत एक म्हातारे स्वयंसेवक बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, आमच्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, सहा तासांनी या.

बरोबर सहा तासांचाच घोळ होता. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते. इथं त्याच दिवशी ती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातला येते आणि भर दुपारी ओहोटी असते. म्हणजे आजोबांचा हिशेब चुकीचा नाही, फक्त उलटा टांगायचा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, दुपारी बारा-एकला इथली पुळण सगळ्यात रुंद असते. रोसिलीला गेलात तर तेव्हाच जा. १८८७ साली वादळात फुटलेल्या हेल्वेशिया या नॉर्वेच्या जहाजाच्या लाकडी बरगड्या वाळूतून वर आलेल्या असतात. जवळ जाऊन हात लावता येतो. ओलं, काळं, शंखांनी खरबरीत झालेलं ओकचं लाकूड.

आम्ही चुकलो ते सुरक्षित बाजूला चुकलो, हे नशीब. उलटं झालं असतं तर सर्पाच्या पाठीवर अडकून पुढच्या ओहोटीची वाट बघत बसलो असतो. दरवर्षी माणसं अडकतात. काही जण पोहून यायला बघतात आणि तिथंच घात होतो. अडकलात तर जिथं आहात तिथं उंचावर बसा, ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा. लाज वाटून घेऊ नका.

हे एवढं लांबण लावून सांगतेय, कारण इथलं पाणी आपल्या पाण्यासारखं नाही. रत्नागिरीला उधाणालासुद्धा पाणी तीन मीटरच्या आतच चढतं-उतरतं. स्वॉन्झीला तेच साडेआठ मीटरच्या आसपास, आणि पुढं ब्रिस्टलकडे खाडी निमुळती होत जाते तिथं चौदा मीटरच्या घरात. जगात मोजक्याच ठिकाणी एवढा फरक पडतो. सपाट पुळणीवर पाणी मागून वळसा घालून येतं आणि तुम्ही शंख वेचत असता. म्हणून तिथीवर विसंबू नका. भरती-ओहोटीच्या वेळांची छोटी छापील पुस्तिका किनाऱ्याजवळच्या दुकानांत मिळते, ती फ्रिजवर लावा. एक खोच आहे. काही पुस्तिकांतल्या वेळा बारमाही ग्रीनिचच्या असतात. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं गेलेली असतात, तेव्हा तो तास आपण मिळवायचा. पोहायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. आणि उन्हाळ्यात ओहोटीच्या उथळ पाण्यात पायात काहीतरी घाला. वाळूत वीव्हर नावाचा बारका मासा दडून बसतो, त्याचा काटा रुतला की ब्रह्मांड आठवतं. सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवणं हाच उपाय.

गॉवरमध्येच थ्री क्लिफ्स बे आहे. तिथं पोचायला गाडी ठेवून चालावं लागतं, म्हणून गर्दी कमी. ओढा नागमोडी वळत समुद्राला मिळतो, तो दगडांवरून उड्या मारत ओलांडायचा, आणि वर पेनार्डच्या किल्ल्याचे अवशेष. हा किल्ला शत्रूनं नाही, वाळूनं घेतला. वाऱ्याबरोबर रेती येत राहिली आणि माणसं सोडून गेली. आता बाजूला गोल्फ खेळतात.

किल्ल्यांचं मात्र जरा समजून घ्यायला हवं. आपण गड पाहिला की छाती फुगते. तीच सवय घेऊन आपली मंडळी उत्तरेला कारनार्वनचा किल्ला बघायला जातात आणि तिथल्या माणसाला म्हणतात, तुमचा किल्ला काय भव्य आहे! तो त्यांचा नाही हो. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं १२८३ साली वेल्स जिंकल्यावर, या लोकांना दाबून ठेवायला तो बांधायला घेतला. कॉन्वी, हार्लेख, ब्यूमारिस सगळे त्याच माळेतले. जागतिक वारसा म्हणून १९८६ पासून मान आहे, बांधणी बघण्यासारखीच आहे, जरूर जा. पण कारनार्वन म्हणजे रायगड नव्हे. त्यातल्या त्यात हार्लेख १४०४ साली ओवेन ग्लिंडूर या वेल्श बंडखोरानं जिंकून घेतला आणि पाचेक वर्षं राखला, ती गोष्ट इथले लोक डोळे चमकवून सांगतात.

मला स्वतःला जवळचे दोनच किल्ले आवडतात. एक किडवेली. स्वॉन्झीहून रेल्वेनं जाता येतं, स्टेशनवरून चालत. किल्ला नॉर्मनांचा, म्हणजे फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्यांचा, पण मी जाते ती ग्वेन्लियनसाठी. ११३६ साली नवरा मदत आणायला उत्तरेत गेलेला असताना ही राजकन्या स्वतः फौज घेऊन नॉर्मनांवर चालून गेली आणि इथंच मारली गेली. जवळचं शेत आजही तिच्या नावानं ओळखलं जातं. दाराशी तिचं साधं स्मारक आहे. ताराराणी माहीत असलेल्या बाईला पुढचं सांगावं लागत नाही.

दुसरा करेग केनेन. लँडायलो गावाजवळ, चुनखडीच्या कड्यावर, खाली सरळ नव्वदेक मीटरची दरी. वेल्समधला हा एकच किल्ला मला सह्याद्रीतला वाटतो. पायथ्याशी शेत, चहाचं दुकान, वाटेवर मेंढ्या, मग धापा टाकत चढ. १४६२ साली पाचशे माणसं पहारी-कुदळी घेऊन तो पाडायला लावली होती. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा फोडल्या, तसलंच काम. तरीही उभा आहे. टॉर्च मात्र न विसरता न्या. किल्ल्याच्या पोटातून कड्याच्या कडेनं एक दगडी वाट उतरते आणि नैसर्गिक गुहेत शिरते. शेवटी मिट्ट काळोख आणि ठिबकणारं पाणी. मोबाइलचा उजेड तिथं पुरत नाही. माझ्या मुलीनं आत "शिवाजी महाराज की" अशी आरोळी ठोकली आणि अंधारातून कुण्या अनोळखी इंग्रज पोरानं "जय" ऐवजी "हॅलो" म्हटलं.

बऱ्याच जुन्या वास्तूंची देखभाल कादू ही सरकारी संस्था करते. नावाचा अर्थच जपणं. वर्षात चार-पाच ठिकाणं होणार असतील तर सरळ सभासद व्हा.

वेल्सच्या पश्चिम टोकाच्या पेम्ब्रोकशर जिल्ह्याला एक दिवसात उरकायला जाऊ नका, निदान एक रात्र राहा. तिथल्या कड्यांवरून जाणारी पायवाट १९७० साली खुली झाली, जवळजवळ तीनशे किलोमीटर. सगळी कोण चालतंय, पाच किलोमीटर चाला. सेंट डेव्हिड्स हे ब्रिटनमधलं सगळ्यात लहान शहर, वस्ती दोन हजारांच्या आत. शहर म्हणायचं ते कॅथीड्रलमुळं, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चमुळं. ते शोधावं लागतं, कारण खोलगट जागेत आहे आणि पायऱ्या उतरून जावं लागतं. पोप कॅलिक्स्टसनं बाराव्या शतकात ठरवून दिलं होतं म्हणतात, की इथल्या दोन यात्रा म्हणजे रोमची एक. आपल्याला हा हिशेब लगेच कळतो. टेनबी रंगीत घरांमुळं सगळ्यांच्या फोटोंत असतं, छान आहे, ऑगस्टमध्ये मात्र पाय ठेवायला जागा नसते. स्कोमर बेटावर पफिन पक्षी बघायचे तर एप्रिल ते जुलै. ऑगस्टमध्ये गेलेली मंडळी रिकामी बिळं बघून येतात. होडीचं आरक्षण आधी करा.

एक जागा मी सगळ्यांना सांगत नाही. वेल्शपूलजवळच्या पोविस वाड्यात क्लाइव्ह घराण्यानं भारतातून आणलेल्या वस्तू मांडल्यात, टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबूसुद्धा. नीट, झळाळत्या कपाटांत. बघून बाहेर आल्यावर बाग फार सुंदर आहे म्हणतात. मला बाग आठवत नाही.

गाडी चालवणाऱ्यांसाठी: रस्त्यावर मोठ्या अक्षरांत आराफ लिहिलेलं दिसेल, ते कुणाचं नाव नाही, वेल्श भाषेत "हळू" असा अर्थ. वस्तीतून वेग ताशी वीस मैल, २०२३ पासून. भारतातला परवाना पहिले बारा महिने चालतो, तेवढ्यात इथली परीक्षा देऊन टाका. गॉवर-पेम्ब्रोकशरच्या गल्ल्या एका गाडीपुरत्या, दोन्ही बाजूंना डोक्याएवढं कुंपण. समोरून ट्रॅक्टर आला की मागं तुम्हीच जायचं. त्यामुळं रिव्हर्स पक्का करा, हॉर्न विसरा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, दरीत रेंज जाते. छत्री घरीच ठेवा, किनाऱ्यावरचा वारा ती दोन मिनिटांत उलटी करतो. टोपीचं वारा-पाऊस अडवणारं जाकीट घ्या. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारला अंधार. हिवाळ्यात कड्यावर जायचं तर दोनला परतीला लागा.

पाट्या वाचता येऊ लागल्या की फिरण्यात मजा येते. आबेर म्हणजे नदीचं मुख. स्वॉन्झीचं वेल्श नाव आबेरतावे, तावे नदीचं मुख. पेन म्हणजे टोक, ट्राएथ म्हणजे पुळण, अनिस म्हणजे बेट. दोन एल एकत्र आले की जीभ ल च्या जागी ठेवून कडेनं नुसती फुंकर मारायची. ळ म्हणणाऱ्या माणसाला दोन दिवसांत जमतं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला "दियोल्ख", म्हणजे धन्यवाद, म्हणा, सगळेच म्हणतात.

आणि परत आल्यावर स्वॉन्झीच्या मंडईत जा. मधोमध पेनक्लाउड गावच्या कॉकल्सचे, म्हणजे बारक्या शिंपल्यांचे, गाळे आहेत. पूर्वी तिथल्या बायका गाढवं घेऊन ओहोटीच्या चिखलात ते वेचायला जायच्या. चवीला आपल्या तिसऱ्यांची धाकटी बहीण. शेजारीच लेव्हरब्रेड मिळतो. नावात ब्रेड असला तरी तो शिजवलेल्या समुद्री शेवाळाचा काळपट गोळा आहे. शाकाहारींनी बिचकू नये. भाजणीत दोन चमचे घालून थालीपीठ थापा, मीठ मात्र बेतानं, कारण ते मुळातच खारट असतं. कॉकल्स घेताना गाळ्यावरच्या बाईला आधीच सांगा, व्हिनेगर नको. ती विचारायच्या आत ओतते, आणि मग खोबऱ्याच्या वाटणाला काही अर्थ राहत नाही.