नवा रेडिएटर गळतोय आणि कंपनी म्हणते चूक तुमचीच? मग हे करा

सोलापूरच्या उन्हात गाडी तापणं नवीन नाही, पण नवा कोरा रेडिएटर बसवून महिना व्हायच्या आत खाली गळायला लागला की कंपनीचं ठरलेलं उत्तर येतं, बोरचं पाणी घातलं असणार, क्षारानं खाल्लं, वॉरंटीत बसत नाही. आपल्याकडं बोरचं पाणी जड आहेच, म्हणून निम्मे लोक हे ऐकून गप बसतात. मलाही हेच ऐकवलं होतं. अशा वेळी पाण्यावर वाद घालत बसायचं नाही, एकच विचारायचं, गळतंय नेमकं कुठून ते दाखवा.

आजकालच्या बहुतेक रेडिएटरला अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असतात, मधे रबरी गॅस्केट, वरून पत्र्याचे दात दाबून बसवलेले. त्या दातांच्या लाइनीतून पाणी झिरपत असेल तर क्षाराचा काय संबंध? दाबण्यात नाहीतर गॅस्केटमध्ये खोट आहे. जाळीतल्या नळ्या जिथं टाकीजवळच्या पट्टीला जोडल्यात तिथून ओल असेल तर बहुतेक जोड कच्चा राहिलाय. गंजून भोक पडायला वेळ लागतो आणि तिथं पांढरट भुकटी, खड्डे दिसतात. फिन, म्हणजे जाळीतली पातळ पाती, चेपून मधेच भोक पडलं असेल तर मात्र दगड लागलाय किंवा बसवताना धक्का बसलाय, तिथं भांडण्यात अर्थ नाही. आणि आधी होस पाईपची क्लिप बघा बुवा, कधीकधी तीच ढिली असते.

मिस्त्रीला सांगायचं, एमसील लावू नको, लीक बंद करायची पावडर टाकू नको, पुरावा जातो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हातपंपानं प्रेशर टेस्ट करून घ्या. कॅपवर 0.9 किंवा 1.1 बार असं जे लिहिलंय तेवढंच प्रेशर द्यायचं, जास्त दिलं तर म्हणतील तुम्हीच फोडला. व्हिडिओ न थांबवता घ्या, आधी रेडिएटरवरचा नंबर, मग गेजचा काटा, मग थेंब. आतलं कूलंट स्वच्छ बाटलीत भरून सील करून ठेवा, कूलंटचं बिल असेल तर सोन्याहून पिवळं. इंजिनचं हेड गॅस्केट गेलंय किंवा गाडीचं अर्थिंग खराब आहे म्हणून रेडिएटर खराब झाला, असंही कंपनीवाले म्हणतात, तेही गॅरेजमध्ये तपासून जॉबकार्डवर लिहून घ्या.

फोनवर सांगितलेल्या कारणाला किंमत नाही. ईमेल टाका, तपासणीचा रिपोर्ट फोटोसकट लेखी मागा. आणि पीस परत देताना नंबर आणि अवस्था लिहिलेली पोच घेतल्याशिवाय हातातून सोडायचा नाही, नाहीतर नंतर तिकडून चेपलेल्या जाळीचा फोटो येतो.

तरी ऐकत नसतील तर 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवा. तिथं तडजोड होते, हुकूम निघत नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग, दुकानदार आणि कंपनी दोघांना पार्टी करायचं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथंच केस टाकता येते, कंपनी कुठली का असेना, आणि 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग पीस लॅबला पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी तुम्हाला भरायला लावू शकतात. मुदत 2 वर्षांची. टेम्पो आहे म्हणजे धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहकच नाही असं कंपनीचा वकील म्हणेल, तर स्वतः चालवून पोट भरत असाल तर ते अर्जातच स्पष्ट लिहा.