बेळगावची गाडी सांगलीत आणताना

बेळगावच्या एका गृहस्थांकडून जुनी वॅगन-आर घेतली. इंजिन झकास, टायर बरे. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मात्र मी नीट वाचलीच नाही. तिच्यावर बँकेचा बोजा तसाच! "अहो, कर्ज कधीच फिटलंय," ते म्हणाले. फिटलं असेल, पण बोजा उतरल्याशिवाय एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचा ना-हरकत दाखला, कुठली? नशीब, निम्मे पैसे हातात राखले होते, म्हणून ते हलले. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवला, मग सांगली आरटीओच्या नावे फॉर्म २८ वर एनओसी मिळाली. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या आधीच घेतल्या होत्या. चासी नंबरचा पेन्सिलीने छाप घेताना बोटं काळी झाली. इथला रोड टॅक्स खिशाला चांगलाच लागला, पण केए-२२ जाऊन एमएच-१० आलं. तिकडच्या टॅक्सचा परतावा अजून यायचाय.