जत्रेच्या नाटकाचं नेपथ्य: आधी सतरंजीवर बसा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जत्रांमध्ये मी नाटकांचं नेपथ्य करतो. नव्या पोरांना मी आधी चित्र काढू देत नाही. प्रेक्षकांच्या जागी मांडी घालून बसवतो. रंगमंच ४ फूट उंच असला आणि बसलेल्याची नजर अडीच फुटांवर असली, तर पुढच्या रांगांना रंगमंचाची जमीन दिसतच नाही. डोळ्यापासून रंगमंचाच्या कडेवरून मागं एक दोरी ताणा. दोरीच्या खाली येईल ते सगळं झाकलं जातं. कडेपासून ८ फुटांवर बसलेल्याला १२ फूट आतलं सव्वादोन फुटांपर्यंतचं काही दिसत नाही. शेवटच्या प्रवेशात बाप खाली कोसळतो आणि पुढची माणसं माना वर करतात, ते यामुळं. त्याला पुढच्या भागात, उंच बाजेवर घ्या. दिग्दर्शकाशी हे तालमी सुरू व्हायच्या आधीच बोला, कारण एकदा हालचाली बसल्या की कुणी बदलत नाही.

मग घर. ते कुठल्या गावचं, हे ठरवा. आमच्याकडं पाऊस जोराचा, म्हणून उतरतं कौलारू छप्पर आणि जांभ्याच्या भिंती. अथणीकडं पाऊस कमी, तिथं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं. छपराची नुसती एक कड दाखवली तरी प्रेक्षक गाव ओळखतात, सगळं घर उभारू नका.

फ्लॅटला, म्हणजे भिंतीसारख्या उभ्या करायच्या रंगवलेल्या चौकटीला, लाकडी रिपांची चौकट, वर मांजरपाट, त्यावर सरस आणि खडूच्या भुकटीचा हात. फ्लॅट टेम्पोतून न्यायचे असतात, म्हणून माप त्याच्या हौद्यावरून घ्या. भिंत पांढरीशुभ्र रंगवू नका. दिवे लागले की ती झळकते आणि नटाचे चेहरे काळवंडतात. जांभ्याचा लाल रंग हिरव्या दिव्याखाली काळपट पडतो, म्हणून रंग नेहमी दिवे लावून तपासा.

संगीत नाटकाला मी अजून रंगवलेले पडदेच लावतो. मराठी संगीत नाटक रुजवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्या परंपरेतला महाल, रस्ता, जंगल असा पडदा गाण्याला मोकळी जागा देतो. उघड्या मैदानात मात्र वाऱ्यानं तो फुगतो. खालच्या कडेत बांबू घाला, फ्लॅटच्या टेकूंवर वाळूची पोती ठेवा. पडद्यामागं दोन फुटांची वाट सोडा, नाहीतर नटाला दुसऱ्या विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या पलीकडच्या बाजूला, जायला मांडवाबाहेरून वळसा घालावा लागतो.