कागदी खांबांचा तास घेताय? आधी कागद कोरडा आहे का बघा

सातवी-आठवीला कागदाचे खांब करून त्यावर वजन ठेवायचा तास घेणार असाल तर सामान काही फार नाही, ए-फोर कागद, सेलोटेप, कात्री, पट्टी, झालं. यावर वेळ घालवत नाही. पण कागद कोरडा हवा. गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये हा तास घेणार असाल तर हे आधी बघा, बाकीचं नंतर. कोरडा म्हणजे हाताला ओला लागत नाही एवढंच नव्हे हां. रीम फोडून स्टाफरूमच्या कपाटावर ठेवली की कागद पापडासारखा सादळतो, बघून काहीच कळत नाही, वजन ठेवल्यावर कळतं. गेल्या जुलैत माझं नेमकं हेच राहिलं. सकाळी खांब केले, मधल्या सुट्टीनंतर टेस्ट घेतली, आणि सगळ्यात सुबक गुंडाळलेले खांबसुद्धा दोन पुस्तकांत बसले, वर मुलं एकमेकांच्या डिझाइनला नावं ठेवत राहिली.

कागद म्हणजे लाकडाचे बारीक तंतू एकमेकांना धरून बसलेले. हवेतलं पाणी त्यात शिरलं की ती पकड सैल होते, कागद मऊ पडतो. म्हणून रीम वर्गातच फोडायची, लागतील तेवढेच कागद काढायचे, उरलेले लगेच झिपच्या पिशवीत. खांब करणं आणि टेस्ट एकाच बैठकीत, मध्ये सुट्टी नको, डबल पिरियड मागून घ्या. ओले रेनकोट, छत्र्या वर्गाबाहेर. मुलांनी हात पुसून यायचं. आणि फेव्हिकॉल अजिबात नको, त्यातही पाणीच असतं, पावसात ते वाळणार कधी?

आता खांबाचं स्वतःचं वजन, कारण शेवटी पेललेल्या भाराला त्यानेच भागायचंय. 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅमचा, एक ए-फोर कागद साधारण 5 ग्रॅमचा. किचनमधला काटा एकेक ग्रॅमच दाखवतो, म्हणजे एकच कागद ठेवला तर चूक केवढी बघा, म्हणून दहा एकदम ठेवायचे आणि दहाने भागायचं. टेपचंही वजन धरा, काही मुलं खांबाला टेपचंच बँडेज बांधतात, तेव्हा किती सेंटिमीटर टेप ते आधीच ठरवून सांगा.

कागदाला दिशा असते हे बरेच जण विसरतात. उभा-आडवा फाडून बघा, ज्या बाजूने सरळ फाटतो तिकडे तंतू गेलेले. ते तंतू खांबात उभे हवेत.

डिझाइनचं फार शिकवू नका, करू दे त्यांना, फक्त सगळ्यांची उंची सारखी ठेवा नाहीतर तुलनेला अर्थ नाही. उंच सडपातळ खांब मधेच वाकतो, आणि ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्राप्रमाणे बाकी सगळं तेच ठेवून उंची निम्मी केली तर वाकायला चौपट भार लागतो. उलट एकाच पदराची रुंद नळी वाकत नाही, तिची भिंतच चुरगळते. चौकोनी खांबाच्या सपाट बाजू आधी फुगतात, भार कोपऱ्यांवर येतो. गोल बहुधा जिंकतो, पण आधी सांगू नका. कोणी म्हणालं की कागदाची कुठे बिल्डिंग होते, तर शिगेरू बान या जपानी आर्किटेक्टचं सांगा, 2001 च्या भूकंपानंतर त्याने भुजमध्ये कागदी नळ्यांची घरं उभी केली, 2013 मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला अख्खं चर्च. त्या चर्चच्या नळ्यांना वॉटरप्रूफ लेप दिलाय, का ते आता मी परत सांगत नाही. बरं सांगतोच, कागद कोरडा ठेवा.

टेस्टच्या वेळी खांबाची दोन्ही तोंडं सपाट आहेत ना बघा, एक कड वर राहिली की सगळा भार दुसऱ्या कडेवर आणि खांब तिथेच दुमडतो. वर हार्डबोर्डचा तुकडा, त्याचं वजन मोजून घेतलेलं. त्यावर वजनाला पाण्याच्या बाटल्या, एक लिटर म्हणजे एक किलो, झाकणं घट्ट, बाहेरून पुसलेल्या, सांडलं तर पुन्हा तेच रडगाणं. नारळ नको, गडगडतात. चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, तर नकोच, पोरं आणतील, तुम्ही नाही म्हणा, पाय मोडेल. भार मधोमध, हळूहळू. पंखा बंद. एकाऐवजी तीन खांब त्रिकोणात उभे केले की फळी डगमगत नाही, मग भार तिघांच्या वजनाने भागायचा.

बाकी नेहमीचंच. पेललेला भार भागिले खांबाचं वजन, फळ्यावर लिहा. मोडलेले खांब फेकू नका, पोटात वाकला की पायात चुरगळला ते बघा, दुसरा खांब त्यावरून करायचा. तोही त्याच तासात, आणि पिशवीतल्याच कागदाचा.