मूत्रगळतीसाठी धुऊन पुन्हा वापरता येणारा कापडी पॅड: रचना, शिलाई आणि चाचणी

कापडी पॅड किती लघवी शोषतो हे पाहून रचना ठरवली की बहुतेक वेळा फसगत होते. सहा थर एकत्र शिवलेला पॅड शोषतो भरपूर, पण वाळायला दीड-दोन दिवस घेतो, आणि दमट राहिलेल्या कापडाला वास धरतो. म्हणून आधी वाळण्याचा विचार करावा. शोषक भाग वेगळा, घडीचा ठेवला की धुताना तो उलगडतो आणि एकेरी कापडासारखा वाळतो. ही रचना थेंब-थेंब किंवा खोकताना-शिंकताना होणाऱ्या हलक्या गळतीसाठी आहे.

कापड. शोषक भागाला दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचे सुती टॉवेलिंग (टॉवेलचे कापड), त्वचेलगत पातळ पॉलिस्टर फ्लीस (मऊ लवदार कापड), खाली पीयूएल, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा चिकटवलेले विणीचे कापड. वर सुती कापड लावायचा मोह होतो, पण ते ओल धरून ठेवते आणि ओली त्वचा घासली की लवकर सोलवटते. फ्लीस स्वतः फार शोषत नाही, ओल खाली जाऊ देते. टॉवेलिंग कापण्याआधी तीन वेळा गरम पाण्यात धुवा. नव्या कापडावरची खळ जाते आणि आटायचे ते आधीच आटते.

कापणी. टॉवेलिंगचा 24 × 24 सेमी चौकोन, कडा ओव्हरलॉक करून (धागे सुटू नयेत म्हणून कडेवरून टाके घालून) तीन पदरी घडी: 24 × 8 सेमी. कोरडे वजन साधारण 17 ग्रॅम भरते. बाहेरचे कव्हर तयार झाल्यावर 28 × 11 सेमी हवे, म्हणजे घडीच्या सर्व बाजूंनी किमान दीड सेमी मोकळी कड राहते. ही कड कमी केली की बाजूने गळती ठरलेलीच. मध्यभागी दोन्हीकडे पंख काढा, टोकापासून टोकापर्यंत 18 सेमी. शिवणीसाठी सगळीकडे 1 सेमी जास्त. फ्लीस दोन तुकड्यांत कापा. उशीच्या अभ्र्यासारखे ते पॅडच्या मागच्या टोकाकडे 4 सेमी एकमेकांवर येतील, तिथूनच घडी आत सरकवायची.

शिलाई. पीयूएलला टाचण्या लावू नका, चिमटे लावा. पडलेले भोक बुजत नाही. बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई, 3 मिमी टाका, आणि दोरा पॉलिस्टरचाच. सुती दोरा वातीसारखा ओल बाहेर ओढतो. फ्लीसच्या उघड्या कडा आधी दुमडून शिवा. मग फ्लीस आणि पीयूएल सुलट बाजू समोरासमोर ठेवून चहूबाजूंनी शिवा, फ्लीसच्या फटीतून उलटा. पडद्याची चकचकीत बाजू आता आत गेली पाहिजे. कडेपासून 5 मिमीवर वरून एक टीप मारा. घडीच्या जागेवर एकही टाका नको. टिचबटणे फक्त पंखांवर, टोकापासून दीड सेमी आत. एका पंखावर 1 सेमी अंतराने दोन ठेवली तर माप कमी-जास्त करता येते.

चाचणी. साध्या पाण्याऐवजी 1 लिटर कोमट पाण्यात 9 ग्रॅम मीठ घ्या. पॅडखाली कोरडा कागद ठेवून मध्यभागी 30 मिली ओता, पाच मिनिटे थांबा. मग वजन केलेले टिश्यू वर ठेवून त्यावर 2 किलो भार दोन मिनिटे द्या. टिश्यूचे वाढलेले वजन म्हणजे बसल्यावर त्वचेकडे परत येणारी ओल. ती जास्त वाटली तर टॉवेलिंगचा आणखी एक पदर घाला. मायक्रोफायबर मात्र नको: ते झटकन शोषते आणि दाबले की तितक्याच झटकन सोडते. खालचा कागद ओला झाला, तर डाग कुठे पडला ते पाहा. कडेला असेल तर घडी सरकली आहे, मध्यभागी असेल तर पडद्याला भोक आहे.

हीच चाचणी 5 आणि 50 धुण्यांनंतर पुन्हा करा. नव्या पॅडचा निकाल फारसे काही सांगत नाही.

धुणे. आधी गार पाण्यात खळबळून काढा, मग 60 अंशांवर धुवा. पीयूएल तेवढी उष्णता सोसते का, हे विकत घेतानाच विचारा. कापड मऊ करणारे द्रव वापरले तर धाग्यांवर थर बसतो आणि पाणी वरून ओघळते. क्लोरीनचे ब्लीच आणि इस्त्री पडद्याला मारक. पडद्यावर फुगे दिसले, तो कापडापासून सुटू लागला, की कव्हर बदला. टॉवेलिंगची घडी नव्या कव्हरमध्ये चालते.