जबड्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम सुरू करताय? या चुका टाळा

माझं दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ओळखीतलं कुणी त्या वाटेला निघालं की फोन मला येतो. तिसऱ्या आठवड्यातला प्रश्नही ठरलेला: "सूज उतरली, दुखतही नाही. जिम सुरू करू?"

नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग ओसरत जाते. आरशात चेहरा बरा दिसायला लागला की माणूस फसतो. ऑपरेशनमध्ये कापलेलं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. "आत हाड धरून ठेवायला टायटॅनियमच्या पट्ट्या आहेत की!" असंही ऐकवतात. अहो, पट्टी पक्की असली तरी तिचे स्क्रू ज्या हाडात आहेत ते अजून कच्चंच आहे ना!

मी तरी कुठे शहाणा होतो? सतराव्या दिवशी पर्वती चढायला गेलो. पायऱ्या १०३, लहानपणापासून पायाखालच्या. वरचे-खालचे दात इलॅस्टिकने, म्हणजे छोट्या रबरांनी, एकमेकांना आवळलेले, वरच्या जबड्यामुळे नाक चोंदलेलं आणि पोटात सकाळपासून वाटीभर वरणाचं पाणी. अर्ध्यावर धाप लागली. तोंड उघडून श्वास घ्यायला गेलो, तर तोंड उघडेना. डोळ्यांपुढे काजवे. मटकन खाली बसलो. एका आजोबांनी पाण्याची बाटली दिली, ती ओठांना लावली तर बधिर खालच्या ओठावरून निम्मं पाणी शर्टावर. इलॅस्टिक कापायची छोटी कात्री डॉक्टरांनी कायम जवळ ठेवायला सांगितली होती. ती घरी, बेसिनवर.

त्यानंतर माझा नेम झाला: फक्त सपाट रस्ता, दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, कात्री खिशात. इतरांना सांगतात, चालताना बोलता आलं पाहिजे. आपल्याला बोलता येत नाही, म्हणून मी गुणगुणायचो. सूर तुटला की वेग कमी.

याचा अर्थ अंथरुणात पडून राहा असा नाही. मला दुसऱ्याच दिवशी वॉर्डात चालवलं होतं, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. घरी आल्यावर आईच्या धाकाने झोपून राहणारेही मी पाहिलेत.

वजनं हा दुसरा हट्ट. "हलकीच उचलतो." उचला की हातात भरलेली बादली, बघा दात आपोआप आवळले जातात का नाही. सगळा जोर जबड्यावर. सर्जनने हो म्हणेपर्यंत मी दळणाचा डबासुद्धा उचलला नाही.

सूर्यनमस्कार, शीर्षासन, डोकं खाली जाईल असं काहीही सुरुवातीला नको. चपलेचा बंदही बसून लावा.

वरच्या जबड्याचं ऑपरेशन असेल तर चालून आल्यावर नाक शिंकरू नका. नुसतं पुसा.

स्ट्रॉ नको.

रिकाम्या पोटी बाहेर पडू नका. मी नाचणीची आंबील दोनदा गाळून घ्यायचो. एकदा गाळायचा कंटाळा केला आणि कढणातला जिऱ्याचा दाणा टाक्याशी अडकून बसला, संध्याकाळ गेली त्याच्यापायी. आंबील गरम असेल तर आधी मनगटावर थेंब टाकून बघा. बधिर ओठ भाजला तरी कळत नाही.

फुटबॉल, कबड्डी, कराटे यांना बहुतेक सर्जन तीन महिने तरी थांबायला लावतात. ती तारीख त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. माझ्या एका मित्राचे तीन महिने सात आठवड्यांत भरले होते.